बारीक छिद्रांच्या वाट्या

जळगावला आमच्या वरच्या खोलीत राहणारी संघमित्रा पीएच.डी. करत होती. तिचे वडील, देवचंद आबा, पारोळ्याकडे लोकांच्या कपाशीवर फवारणी करतात. फवारताना तोंडावाटे पोटात गेलेलं औषध आतड्यातून रक्तात किती उतरतं, हे तिला मोजायचं होतं. विषय तिनंच निवडलेला. का, ते विचारायची गरज नव्हती.

त्यासाठी प्लास्टिकच्या इवल्याशा वाट्या लागतात. तळाला पातळ पडदा, पडद्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. पडद्यावर आतड्याच्या पेशींचा सलग थर वाढवायचा, वरून औषध घालायचं आणि खाली किती झिरपलं ते पाहायचं. तिनं ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या वाट्या मागितल्या. तिच्या मार्गदर्शक सरांनी ८ मायक्रॉनच्या मागवल्या. सोबतच्या योगेंद्रला कॅन्सरच्या पेशी पलीकडे सरकताना बघायच्या होत्या, त्याला मोठीच छिद्रं हवी. सर म्हणाले, "दोघांचं एकातच भागवा."

"म्हणजे पुरणाच्या जाळीतून मैदा चाळायचा," मी म्हटलं.

"चाळून झाला, वहिनी. आणि सर खूश आहेत."

पेशीच छिद्रांतून खाली उतरल्या होत्या. थर सलग झालाच नव्हता, म्हणून औषध भराभर खाली आलं. खात्रीसाठी तिनं एक रंग घातला, सलग थरातून जो जाऊच नये असा. तोही खाली आला. सर म्हणाले, रंगाचं लिहू नकोस, एवढा मोठा निष्कर्ष कुणाच्या नशिबी येतो? तिनं शोधनिबंधावर सही केली नाही. सरांनी योगेंद्रचं नाव घातलं आणि हिला दुसरे मार्गदर्शक शोधायला सांगितलं. सरांशी वाकडं कोण घेणार? कुणी घेतलं नाही हिला. शेवटी धुळ्याच्या एका शिकवणीत नोकरी धरली.

सामान न्यायला आबा आले, तोवर फवारणीचं औषध आतड्यातून भराभर रक्तात उतरतं, अशी बातमी पेपरात येऊन गेली होती.

"पेपरमा तुनं नाव ऊनं ऱ्हातं," गादी गुंडाळता गुंडाळता आबा म्हणाले. "सही करी देती, काय बिघडतं तुनं?"

ती पुस्तकं भरत राहिली. मी चहा दिला. कप हातात धरून आबा गुंडाळलेल्या गादीवर टेकले. मग हळूच म्हणाले, "पन हाई खरं शे का? आंगमा इतलं जास?"

"म्हाईत नई, आबा. ते नीट मोजायनंच नई."

"इतली शिकनी, तरी म्हाईत नई?"

आबांनी चहा संपवला, गादी खांद्यावर घेतली. "चाल लवकर. सकाळ फवारनी शे."