स्पेसबार माझा, हाक आईंची

आमच्या घरात नवराबायकोचा एक जुना वाद आहे, आणि त्यात सासूबाई कायम मुलाच्या बाजूने. कॉम्प्युटरवरच्या खेळात लढाई पाळीपाळीने लढावी की सगळ्यांनी एकदम, एवढाच तो वाद. एवढ्याशा गोष्टीवरून आमच्याकडे दोन-दोन दिवस अबोला झालेला आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. राक्षस, जादूटोणा, पडके किल्ले असल्या दुनियेत आपण पाच-सहा जणांची टोळी घेऊन हिंडायचं. एक ढाल-तलवारवाला, एक जादूगार, कुलपं उघडणारा एखादा चोर, जखमा बऱ्या करणारा एक वैद्य. हुकूम सगळ्यांना आपणच सोडायचे. काही खेळांत लढाई पत्त्यांच्या डावासारखी चालते. एकाने चाल केली की दुसऱ्याची पाळी, तोवर बाकीचे गुमान उभे. मला हेच आवडतं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची माझी नोकरी, त्यामुळे एकेक गोष्ट तपासून पुढे जाणं अंगवळणी पडलेलं. नवऱ्याच्या कॉलेजच्या दिवसांतल्या खेळांत मात्र सगळे एकदमच तुटून पडतात. तिथे आपल्या हातात उपाय एकच, स्पेसबार. तो दाबला की पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थिजतं. मग निवांत हुकूम द्यायचे आणि डाव परत सुरू करायचा. वेळेवर दाबला तर ठीक, नाहीतर वैद्यासकट सगळे आडवे.

सासूबाईंना मी आई म्हणते. लग्न होऊन पुण्याहून काचीगुड्याला आले तेव्हा संध्याकाळी नवरा खेळत बसायचा, मी शेजारी खुर्ची ओढून बघायची आणि आई मागच्या दिवाणावर गवार निवडायच्या. एकदा मागूनच म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला मागं घे की रे, मरंल ना." म्हातारा म्हणजे टोळीतला वैद्य. दुसऱ्या दिवशी चहा देताना त्यांनी आपणहून विचारलं, "कसाय तो म्हातारा?" पुढे नवऱ्याच्या संध्याकाळी अमेरिकेतल्या लोकांशी बोलण्यात जाऊ लागल्या, त्याची खुर्ची मला मिळाली आणि आई दिवाणावरून माझ्या शेजारी आल्या. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. स्पेसबारवर बोट माझं आणि हाक त्यांची: "थांबिव!"

तो आवाज मी शब्दांत काय सांगणार. आईंचं माहेर परभणीकडचं, शेतीचं. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारायची सवय लहानपणापासूनची. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्यांनी "ओ भाई, ठैरो!" म्हटलं की खालचा भाजीचा गाडा तर थांबायचाच, पण एखादा भलताच स्कूटरवालाही ब्रेक दाबून वर बघायचा. भाजीवाल्याशी त्या दखनीत बोलायच्या, शेजारणीशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत. मला पहिल्या दोन्ही येत नव्हत्या, आणि माझ्या पुणेरी हिंदीला इथला भाजीवाला हसायचा. मग शिंपी असो, रिक्षावाला असो, आई मला हाताने मागे सारून पुढे व्हायच्या. "इसकू कुछ नै मालूम, मेरेसे बात करो." तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, परक्या गावात कुणीतरी आपल्या वतीने भांडायला उभं असणं म्हणजे केवढी चैन होती. पहिली कितीतरी वर्षं या शहराशी माझ्यासाठी आईच बोलल्या.

दोघींनी मिळून आम्ही बरेच खेळ पालथे घातले, आणि कोणता सरस यावर आईंची मतं ठाम. एका खेळात सोबती आयते भेटतात. प्रत्येकाला आपली आपली दुःखं, आपले आपले हट्ट. आपण चोरी केली की एखादा रागावून टोळी सोडून चालता होतो. आई म्हणाल्या, "हे बरंय. घरातल्यासारखं. रुसत्यात, परत येत्यात." अगदी नव्यातल्या एका खेळात चेहरे इतके खरे की घाम दिसतो, पण त्यातला एक देखणा सोबती मुक्कामाला सदानकदा उघडाच बसलेला. "आधी कपडे घाल म्हणावं त्याला," म्हणून आईंनी तो खेळ पंधरा मिनिटांत नापास केला. त्यांचा जीव होता तो माझ्या नवऱ्याच्या जुन्या खेळात. तिथे सहाच्या सहा माणसं आपणच घडवायची. ती एक अक्षर बोलत नाहीत, दिसतातही नखाएवढी. आईंनी पांढऱ्या दाढीचा आपला वैद्य तिथेही माझ्याकडून घडवून घेतला आणि नियम घालून दिला: कुणी मेलं तर साठवून ठेवलेला मागचा डाव उघडून त्याला उठवायचं नाही. "मेलेलं माणूस उठत न्हाई. खेळात बी न्हाई." या नियमापायी आम्ही चार तलवारवाले गमावले, पण वैद्य वर्षानुवर्षं टिकला. तो टिकला आईंच्या हाकेवर.

गेल्या वर्षी आईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन चांगलं झालं, गाठही साधी निघाली. पण आवाजाची नस तिला चिकटलेली होती, सोडवताना ती दुखावली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे कुणाला बोल लावायलाही जागा नव्हती. घरी आल्यावर आईंनी पहिला फोन परभणीच्या मावशींना, म्हणजे धाकट्या बहिणीला लावला. फरशीवरून लोखंडी कपाट सरकवावं तसा आवाज निघाला. मावशी पलीकडून म्हणाल्या, "कोण बोलताय भाऊ? आमच्या अक्काला द्या की जरा."

आईंनी फोन खाली ठेवला आणि बोलणंच सोडलं.

घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. आई खुणा करायच्या, आम्ही धावायचो. त्यांनी पेल्याकडे बघितलं की पाणी, पंख्याकडे बघितलं की पंखा. आमच्यात चढाओढच लागली म्हणा ना. खेळाचंही मी तेच केलं. पाळीपाळीचा एक खेळ लावला, ज्यात घाई म्हणून नाही. आई मांडीवर क्रोशाचं विणकाम घेऊन बसायच्या आणि सुईच्या टोकाने पडद्यावर दाखवायच्या: याला इकडे ने, त्याला तिकडे. मी त्याप्रमाणे करायची. लढाया आम्ही एकामागून एक जिंकत होतो. मनातून मी खूशच होते. म्हटलं, वाद संपला, माझाच खेळ खरा.

विद्यानगरला एक मुलगी आवाजाचे व्यायाम शिकवते, तिच्याकडे आम्ही जायचो. एकदा आईंना बाहेर बसवून तिने मला विचारलं, "घर में अम्मा कब बात करतीं?" मी अभिमानाने सांगितलं की गरजच पडू देत नाही. तिने पेन खाली ठेवलं. "आप लोगाँ बहुत अच्छे हैं मॅडम. इसीच वास्ते आवाज नै आ री." मग तिने समजावून सांगितलं. पूर्वीचा आवाज येणार नाही, पण कामाचा नक्की येईल. मात्र तो आत्ताच वापरात आला पाहिजे. असेच गप्प राहून आणखी काही महिने गेले तर जे आहे तेही हातचं जाईल. परत येताना रिक्षात मी आईंचा हात धरून बसले होते.

त्या रविवारी दुपारी मी जुना खेळ लावला. आईंनी सुई हलवून नको म्हटलं. मी पाहिलंच नाही असं केलं. सहाही जणांना घेऊन एका गुहेत शिरले आणि ठरवून टाकलं, काही झालं तरी पडद्यावरून नजर हलवायची नाही.

दोन्ही बाजूंनी लांडगे आले. सुई पडद्याशी आली, पण ती जिथे टेकत होती तिथला लांडगा तोवर भलतीकडे पोचलेला. आईंनी माझं कोपर हलवलं. मी तशीच बसले. वैद्य मधोमध अडकला होता, किती जीव उरला ते दाखवणारी त्याची लाल पट्टी सरसर उतरत होती.

"थां..."

खरखरलं आणि तुटलं. माझं बोट स्पेसबारवरच होतं. दाबायला निमिषही लागला नसता.

"थांबिव!"

मी ऐकलं. नीट ऐकलं. तरी बोट खाली गेलं नाही. मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं.

"अगं माय, थांबिव की! मरायलाय तो! कान फुटले का तुझे?"

दाबला मी स्पेसबार. पण डोळ्यांत पाणी दाटलं होतं, पडदा धड दिसेना, आणि पुसून पाहिलं तेव्हा लांडगे गोठलेले, आमचे पाच जण गोठलेले आणि वैद्य जमिनीवर. इतक्या वर्षांचा सोबती गेला.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही बोललात."

"बोलले तर! काय उपेग? मेला ना तो!"

मागचा डाव उघडू का, असं मी भीतभीत विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी कॉम्प्युटर बंद करून चहा टाकायला उठले.

स्वयंपाकघरातून ऐकू आलं, बाहेर फोन लागला होता. "मी बोलायलेय. मी गं, अक्का. भाऊ नाही अन् बिऊ नाही. आवाज हाच आता, सवय करून घे. ते ऱ्हाऊ दे. आधी ऐक, आमच्या सुनंनं काय केलं." पलीकडे मावशींना यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. कोण म्हातारा, कसली गुहा, लांडगे कुठले, सगळं त्यांना पहिल्यापासून समजावून सांगणं भाग होतं. आईंनी घसा खाकरला आणि पार माझ्या लग्नापासून सुरुवात केली.

दूध वर यायला लागलं तसा मी गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून ऐकत उभी राहिले.