गर्दी कशी शे?

आमचे सोनगीरचे मामा गर्दीचा माग काढणारे गृहस्थ होते. कुठेही जायचं ठरलं की 'किती लांब', 'किती खर्च', 'कुठली गाडी' हे प्रश्न इतरांना पडत. मामांना एकच प्रश्न पडे : तिथे गर्दी कशी असेल? त्याचं उत्तर मनासारखं मिळेपर्यंत ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. आणि उत्तर मनासारखं सहसा मिळत नसे.

आता माझी लेक बोटीच्या सहलीला निघते, तेव्हा कुठल्या बंदरावर कुठल्या दिवशी किती बोटी लागणार हे आधी फोनवर पाहून घेते. मला हसू येतं. मामांकडे फोन नव्हता, पण आग्रा रोड होता. सोनगीरला रोडच्या कडेला त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. उज्जैन, ओंकारेश्वर करून परतणाऱ्या यात्रेच्या गाड्या समोरच्या हॉटेलवर चहाला थांबत. गाडी थांबली की मामा गल्ला उघडा टाकून रस्ता ओलांडत आणि ड्रायव्हरला गाठत. "उस्ताद, तिकडे भीड कशी है?" हे त्यांचं खानदेशी हिंदी. मग बायकांना, "अक्का, दर्शनले किती येळ लागना?" लोकांना वाटे, हा भांडी विकायला आला. ते आधीच "नको, नको" म्हणत. मामांना त्याचं काही नसे.

साक्षीदाराबद्दल त्यांचा एक नियम होता : जो तिकडून आला, तोच खरा. "जो तठून उना, त्यालेच इचारवा. बठ्ठा बाकीना गप्पा." पेपरात काय छापलंय, शेजारी काय म्हणतो, ज्योतिषी काय सांगतो, याला त्यांच्या कोर्टात किंमत नव्हती. दुकानासमोर धान्याचे व्यापारी शेठजी बसत. पिढ्यान्‌पिढ्या सोनगीरला राहून मारवाडचे राहिलेले. ते कधी काही सांगू लागले तर मामा हसून म्हणत, "शेठ, तुम्ही गादीवरून उठतस का?" शेठजीही हसत आणि गप्प बसत.

या सगळ्याचं मूळ होतं आमची मामी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मामा तिला धुळ्याला देवीच्या यात्रेला घेऊन गेले होते. मामीला लहानपणापासून दमा. यात्रेच्या रेटारेटीत तिचा श्वास कोंडला आणि ती पाळण्यांजवळ खाली कोसळली. चार अनोळखी माणसांनी तिला उचलून बाहेर आणलं. मामा पुढे निघून गेले होते. त्या काळी नवरा पुढे, बायको मागे अशी चाल. त्यामुळे मागे मामी कधी पडली हे त्यांना कळलंच नाही. लोक ओरडले तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. ते वळून पाहणं त्यांना जन्मभर पुरलं.

त्यानंतर मामीला गर्दी वर्ज्य झाली. मामा तिला भडगावला तिच्या माहेरी नेत ते बाजाराचा दिवस टाळून. सिनेमाला नेलं ते एकदाच, तेही सिनेमा उतरायच्या दिवशी, रिकाम्या थेटरात. मामी सांगायची, "पडदावर हसाना सीन ये, पन हसाले कोनीच नही. मी एकटी कितली हसू?" मामा म्हणत, "पन श्वास लागना का?" नव्हता लागला.

माझ्या ताईचं लग्न जळगावला झालं तेव्हाची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. मंडपात ही गर्दी. मामा म्हणजे मुलीचा मामा. त्यांना नवरीच्या पाठीशी उभं राहणं भाग होतं. ते उभे राहिले, पण मामीला त्यांनी पलीकडच्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून बसवलं. मंगलाष्टकं लागली तेव्हा माझं लक्ष तिकडे गेलं. मामी गजांतून हात बाहेर काढून अक्षता टाकत होती. खाली नुसती बोळ होती. एक शेळी येऊन ते तांदूळ टिपत होती. मला हसू आलं आणि लगेच राग आला. पंगत उठल्यावर मी मामांना चांगलं फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "तू पडेल नही ना कधी. तुले नही कयस." त्यांच्या मायेला बोल लावायला जागा नव्हती आणि मामीच्या वाट्याला ती खिडकी आलेली होती.

मामीची एकच इच्छा होती. ओंकारेश्वरला जायचं, नर्मदेत पाय बुडवायचे, नावेतून पलीकडे जायचं. सोनगीरहून काही फार लांब नाही. पण दरवर्षी मामांचा तपास आडवा येई. शिवरात्रीला गर्दी, श्रावणात गर्दी, कार्तिकात गर्दी, उन्हाळ्यात शाळांना सुट्टी म्हणून गर्दी. "पुढला साल पाहू," ते म्हणत, आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य : "देव काय पयी जास का?" देव काही पळून जात नाही, हा त्यांचा हिशेब.

मग एका वर्षी धुळ्याच्या डॉक्टरांनी मामीची छाती तपासून मामांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, कुठे न्यायचं असेल तर यंदाच न्या. मामा त्या दिवसापासून रोडवरच असत. ज्येष्ठ संपला, आषाढ लागला. परतणारी प्रत्येक गाडी सांगू लागली, तिकडे शुकशुकाट आहे, पाऊसही अजून बेताचाच. मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मामीचा सोमवारचा उपास, म्हणून सोमवार हवा. आषाढ वद्यातला सोमवार त्यांनी नक्की केला. श्रावण लागायला अजून अवकाश, सुट्ट्या नाहीत, सण नाही. इतका मोकळा दिवस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सापडला होता. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी तेव्हा जळगावच्या शाळेत नोकरीला होते. रजा टाकून गेले.

इंदूरपासूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. एसटीला टेकायला जागा नाही. रस्त्याच्या कडेने भगव्या कपड्यांतली पोरं खांद्यावर कावडी घेऊन चाललेली. ओंकारेश्वरला उतरलो आणि मामा जागच्या जागी उभे राहिले. घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणूसच माणूस होता. मामांनी एका फुलवाल्याला विचारलं, आज काय आहे? तो त्यांच्याकडे वेड्यासारखा पाहत म्हणाला, "सावन का सोमवार है, बाबूजी."

आपला महिना अमावास्येला संपतो, नर्मदेपलीकडच्यांचा पौर्णिमेला. आपला आषाढ वद्य म्हणजे त्यांचा श्रावण. आमच्या भिंतीवर जो पंधरवडा ओस होता, तोच त्यांचा भरजरी पंधरवडा. मूळच्या मारवाडच्या शेठजींच्या घरीसुद्धा श्रावण कधीच लागला होता. समोरच्या गादीवरून ते एका वाक्यात सांगू शकले असते. पण ते तिकडून आलेले नव्हते ना! आणि तिकडून आलेल्या सगळ्या गाड्या पौर्णिमेच्या आतल्या होत्या. कोणी खोटं बोललं नव्हतं.

मामांचा चेहरा पांढरा पडला होता. "परत जाऊत," ते म्हणाले. "कार्तिक झाया का येऊ. देव काय पयी जास का?"

मामी पिशवीवर बसली होती. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "देव नही पयी जास. पन मी तं जासू ना."

इतक्या वर्षांत मी तिला मामांना असं उत्तर देताना ऐकलं नव्हतं. मामांनी गर्दीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांनी तिचा हात धरला. मनगट नव्हे, हात; बोटांत बोटं घालून. सोनगीरच्या रस्त्यावर हा प्रकार कोणी पाहिला असता तर आठवडाभर चर्चा चालली असती. इथे कोणाला सवड होती? मी मागे, ते दोघं पुढे. एकाच रेषेत, खांद्याला खांदा लावून.

मामा दर थोड्या वेळाने विचारत, "श्वास?" ती म्हणे, "चाला." ती कडेला भिंतीला टेके, आम्ही थांबत असू, पुन्हा निघत असू. नावेत दाटीवाटीने बसलो. एका म्हातारीने आपलं गाठोडं मामीच्या मांडीवर ठेवलं, एका बाईने आपलं पोर माझ्याकडे दिलं. मध्यधारेत सगळ्या नावेने जयजयकार केला. मामीने तो केला तेव्हा मला तिचा आवाज ओळखूच आला नाही. इतक्या मोठ्याने ती कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

दर्शन झालं, पाण्यात पाय बुडवून झाले. घाटाच्या पायरीवर बसल्यावर तिला धाप लागली खरी, पण मामांनी गोळी काढेपर्यंत ती उतरूही लागली. मामा खाली मान घालून म्हणाले, "मनी चूक व्हयनी. इतली गर्दी राही हाई माले समजनंच नही."

मामी माझ्याकडे वळली, पण बोलली त्यांच्याशीच. "इतला वरीस व्हयनात, चारचौघांसमोर यासनी मना हात हाती लिधा नही. आज लिधा. गर्दी नसती तं लेतात का?"

मामा नदीकडे पाहत राहिले. हात मात्र अजून सोडला नव्हता. मीच उठले आणि उगाच प्रसादाच्या दुकानांकडे गेले.

परतल्यावर शेठजींना कळलं. ते कपाळावर हात मारून मामांना म्हणाले, "नाना, सावन तर लागून गेला होता! एकदा आवाज द्यायचा ना." मामा म्हणाले, "बरं व्हयनं, नही दिधा."

त्यानंतर मामी फार वर्षं काढू शकली नाही. एका हिवाळ्यात गेली. तिला पोहोचवायला सोनगीर लोटलं, भडगावहून माहेरची मंडळी आली, हायवेवरच्या हॉटेलातली माणसंदेखील आली. मामा ओट्यावर बसून सगळीकडे पाहत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "बठ्ठा गाव उना. तिले आवडती इतली गर्दी." आणि मग मात्र त्यांना आवरेना. मलाही आवरलं नाही.

पुढे मी एकदा जळगावहून त्यांना भेटायला गेले, तेव्हा ते दुकानातच होते. थकले होते, पण रोडवरची नजर तशीच. मामांची ख्याती एव्हाना पसरली होती. आता गाड्यांतले लोकच त्यांना विचारायला येत. एक तरुण जोडपं उतरलं. नवीनच लग्न झालेलं असावं. तो पुढे, ती चार पावलं मागे, डोक्यावर पदर सावरत. त्याने विचारलं, "नाना, ओंकारेश्वरले जाई ऱ्हायनूत. गर्दी कशी शे?"

पूर्वीचे मामा असते तर म्हणाले असते, पुढच्या महिन्यात जा.

"गर्दी खूप शे, भाऊ," मामा म्हणाले. "जा. पन हिना हात धरी ले."

तो लाजून हसला. "तठे गया का धरसू, नाना."

"तठे नको," मामा दुकानासमोरच्या रस्त्याकडे बोट करत म्हणाले. "आठेथीनच धर."