ओडिशात गेलेला तांडा

आमच्या हपिसात नवे सर पुण्याहून आले, ते येताना एक खोड सोबत घेऊन आले. सोपी गोष्ट अवघड करून सांगायची, आणि समोरच्याला समजली की नाराज व्हायचं. मी यवतमाळात एका खाजगी हपिसात कॅडवर ड्रॉइंग काढते, रस्त्यांची, नाल्यांची, पाण्याच्या लाइनींची. हात बसलेला आहे. पण जमिनीवर मोजून आलेला नकाशाचा डेटा थेट कॅडमध्ये ओढायचा प्रकार आमच्याकडे नवा होता, म्हणून सरांनी शब्दांचा वर्ग लावला. "आधी टर्म्स पक्क्या करा," म्हणाले. "टर्म्स पक्क्या तर काम पक्कं."

आता का सांगू! कोऑर्डिनेट म्हणजे जागेचा आकड्यांतला पत्ता, हे सांगायला त्यांनी अख्खी सकाळ खाल्ली. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, एकावर रस्ते, एकावर घरं, एकावर पाइप. हे तर आम्ही वर्षानुवर्षं वापरून राह्यलो होतो. तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या माना डोलावल्या, कारण रजेच्या अर्जावर सही त्यांची असते. अॅट्रिब्यूट म्हणजे आकृतीच्या पोटात ठेवलेली माहिती. घरावर क्लिक केलं की घर कोणाचं, नळ आहे की नाही, ते समोर येतं. हे मात्र मला आवडलं, आणि मी तसं म्हटलंही. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या डब्यातलं उचललं.

प्रोजेक्शन शिकवायला त्यांनी संत्रं आणलं. गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी आणायची, तर साल सोलून टेबलावर दाबायची. ती फाटते, ताणली जाते, म्हणून जगाच्या उभ्या पट्ट्या पाडल्यात आणि प्रत्येक पट्टी वेगळी सपाट केली आहे. त्या पट्टीला म्हणायचं झोन. सांगता सांगता फोडी सरांनी खाल्ल्या आणि साल आमच्याकडे सरकवली. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

तर हे झोन. दोन झोनमधली एक रेघ नेमकी आमच्या जिल्ह्याच्या अंगावरून जाते. यवतमाळ, बाभुळगाव, वणी चव्वेचाळीस नंबरच्या झोनमध्ये, आणि तिकडे उमरखेड त्रेचाळीसमध्ये. प्रत्येक झोनचे आकडे स्वतःच्या शून्यापासून सुरू होतात. बारा नंबरचं घर दोन वॉर्डांत असतं ना, तसंच. वॉर्ड चुकला की पोस्टमन भलत्याच दारात उभा. मी सरांना विचारलं, "सर, आपल्या जिल्ह्यात दोन झोन येतात, मग?" सर उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "एक जिल्हा, एक झोन!" निवडणुकीलाच उभे राहिले होते जसे. सगळं चव्वेचाळीसमध्ये ठेवायचं असं ठरलं. ठेवा बाप्पा. ठेवायला हरकत नव्हती, पण त्रेचाळीसमधून आलेलं आधी बदलून घ्यावं लागतं. घोषणा दिल्यानं ते आपोआप बदलत नाही.

काम होतं उमरखेडकडच्या एका गावाच्या पाण्याच्या लाइनीचं. त्या गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर, आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. माझं माहेर. माझी याडी, म्हणजे आई, आजही टेकाड उतरून गावच्या विहिरीवर पाण्याला जाते. तिचे गुडघे कामातून गेलेत. तिथं आधी गावातल्या बाया भरतात, तांड्यातल्या मग. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण चुकतही नाही. या लाइनीत तांडा पहिल्यांदा धरला होता, घराघरात नळ. मोजणीवाले येऊन गेले, याडीच्या उंबऱ्यापाशी लाल रंगाची खूण करून गेले. तेव्हापासून ती फोनवर दुसरं काही बोलत नव्हती.

मी चार दिवस सासरी लग्नाला गेलते. परत आले त्या दुपारी याडीचा फोन. घरी आम्ही गोरबोलीच, म्हणजे आमची बंजारा भाषाच बोलतो, इथं वऱ्हाडीत सांगते. "नळ दाराच्या कोन्या बाजूनं येते वो? रांजण हलवाचा हाये मले." मी म्हटलं, थांब, ड्रॉइंग पाहून सांगते. उघडलं. गाव होतं, विहीर होती, पाइप होता. पाइप गावाच्या शेवटच्या घरापाशी संपला होता. टेकाडावर काहीच नव्हतं, निव्वळ काळा पडदा. "मागून सांगते," म्हणून फोन ठेवला.

सर चहा पीत होते. विचारलं तर म्हणाले, "अहो मॅडम, ड्रॉइंग उघडलं की सगळं खसखशीएवढं दिसत होतं. फार लांब कुठंतरी कचरा पडला होता. मी झाडून टाकला. उद्या फाइल जिल्ह्याच्या हपिसात जायचीये, स्वच्छ नको?"

हा आमच्या धंद्यातला नेम आहे. सगळं ड्रॉइंग एकदम पडद्यावर दाखव म्हटलं आणि कुठं लांबवर एखादा ठिपका सांडलेला असला, तर कॅड तोही दाखवायला जातं आणि खरं काम मुंगीएवढं होतं. मग तो ठिपका पुसायचा. आम्ही सगळेच पुसतो, आणि पुसताना तो काय आहे हे कोणी पाहत नाही.

कॅड आधीच्या सेव्हची एक जुनी प्रत आपोआप ठेवतं. ती उघडली. लांबवर तो ठिपका होता. जवळ गेले तर घरं. वाकडी ओळ, मधोमध मोकळी जागा, नायकाचं घर, कडेला देऊळ. माय वो, आमचा तांडा! मागे सॅटेलाइटचा नकाशा लावला, तर खाली ओडिशाचं जंगल. गाव जुन्या नकाशावरून आलं होतं, ते आधीच चव्वेचाळीसमध्ये बदललेलं होतं. तांडा जुन्या नकाशावर नव्हताच, म्हणून त्याची मोजणी नव्यानं झाली, त्रेचाळीसमध्ये. सरांनी न बदलताच त्याला चव्वेचाळीसचा शिक्का मारला. झालं, आकडे तेच आणि जागा दुसऱ्या राज्यात. एका घरावर क्लिक केलं. याडीचं नाव आलं, आणि खाली: नळ, प्रस्तावित.

सरांना दाखवलं. ते हसले. "असू द्या हो. पुढच्या टप्प्यात घेऊ. तांडेच ते, फिरतेच असतात ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "सर, हे घर पाहा. हे माझ्या आईचं आहे. मी याच घरात जन्मले, आणि तेव्हापासून ते एक वीतही हललं नाही. हललं ते तुमच्या माउसनं." मी त्यांच्यासमोर बसून त्रेचाळीसचं चव्वेचाळीस करून घेतलं. तांडा उडी मारून टेकाडावर येऊन बसला, वाटेवर वाट, देवळावर देऊळ. मग पाइपाची रेघ वर चढवली. टेकाडावर पाण्याचा दाब पुरतो का ते हिशेबवाल्यानं आधीच तपासलं होतं, कारण त्याच्या कागदात तांडा होता. फाइल दुसऱ्या दिवशी तांड्यासकट गेली. खाली 'तपासले' म्हणून सही सरांची.

आता नव्या पोरींना सर हीच गोष्ट सांगतात. "मी एकदा एक अख्खी वस्ती ओडिशातून परत आणली!" पोरी माना डोलावतात. मी माझ्या टेबलावरून ऐकते आणि संत्र्याची साल कधी सरकते त्याची वाट पाहते.

त्या दुपारी, तांडा जागेवर बसल्यावर, मी याडीला फोन लावला. राग उतरला नव्हता, सगळं भडाभडा सांगून टाकलं, की तुमाले कचरा म्हणून झाडलं, पार ओडिशात नेऊन टाकलं होतं. मला वाटलं, ती चिडेल.

"वोडिशात?" म्हणाली. "आपले जुने लोक बैलावर मीठ लादून जात होते म्हनत तिकडं. जाता जाता पाय झिजले, तवा कुठं इथं बसले." मग हळूच विचारलं, "तिकडं नळ होता का, वो?"

"नाई, याडी. जंगल होतं."

"त मंग कायले नेलं?" ती म्हणाली. "सांग त्यायले, आता आमी कोठीच जात नाई. रांजण कोन्या बाजूले ठेवू ते सांग."