गेले होते कुठेतरी

काल गाडी शिकताना मागच्या ट्रकवाल्याने जोरात शिवी घातली आणि स्टिअरिंगवरचे माझे हात मला दुसऱ्याच कुणाचे तरी वाटू लागले. सगळे आवाज लांबून यायला लागले. शिकवणाऱ्या सुमनताईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबत गाडी कडेला घेतली.

"अहो, कुठे गेलात?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लहानपणी बाबा पट्टा काढायचे, तेव्हा मी अशीच निघून जायचे. शरीर खाली मार खात राहायचं आणि मी जणू कपाटावर बसून शेजारच्या मुलीकडे बघावं तशी बघायचे. सहा वर्षांच्या मुलीला दाराबाहेर पळता येत नाही, म्हणून ती आतल्या आत पळते. त्या पळण्यानेच तुम्ही तगलात, असं माझ्या डॉक्टर म्हणतात. पुढे बाबा वारले, घर सुटलं, तरी पळणं थांबलं नाही. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंत मी हसते आहे. तो दिवस मला आठवतच नाही.

सुमनताईंना हे सगळं सांगितलं. "उद्यापासून मैदानावर शिकू या," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी समोरच्या दुकानाची पाटी एकेक अक्षर लावत वाचली. पायाखालची गाडी पुन्हा जाणवायला पंधरा मिनिटं लागली. पूर्वी अख्खा दिवस जायचा.

"आज तुम्हीच चालवा," मी म्हणाले. "उद्या सातला येते. पण मैदान नको ताई, हाच रस्ता."