समोर या, मग बोला

आमच्या आबांना कुणी हाक मारली की ते आधी उलट्या दिशेला बघत. हाक तळ्याकडून आली तर हे बघणार बाजाराकडे, आणि तिथे जो कोणी उभा असेल त्याला हसून नमस्कार करणार. निम्म्या कल्याण गावाशी त्यांची ओळख झाली ती अशीच. खरा हाक मारणारा ओरडून दमला की शेवटी त्यांच्या पुढ्यात येई. मग आबा म्हणत, "हां, असं समोर या, मग बोला."

आबा म्हणजे माझे वडील. स्टेशनातल्या मालधक्क्यावर ते कारकून होते. त्यांचा डावा कान गेला तेव्हा मी परकरी पोर होते. आधी कानात रातकिड्यासारखं काहीतरी वाजू लागलं, मग ऐकूच येईना, आणि मधूनच अशी भोवळ येई की भिंत धरून उभे राहत. "घर फिरतंय. थांबलं की जेवायला बसतो," म्हणत. वैद्यबुवांनी कानात तेल घातलं, लसणीचा रस घातला, वाताला शिव्याही घातल्या. गुण काही येईना. शेवटी माझे थोरले काका त्यांना आगगाडीने मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी एक लोखंडी चिमटा वाजवून आबांच्या कपाळावर टेकवला, कुठल्या कानात वाजतंय ते विचारलं, डोळे मिटून चालायला लावलं. मग सांगितलं की कानाच्या आत, हाडापलीकडे, गाठ असू शकेल. नसेलही. तिथवर नजर पोचत नाही आणि हत्यारही पोचत नाही. असलीच तर वाढेल, आणि मग तोंड एका बाजूला ओढलं जाईल. तेव्हा तोंडावर लक्ष ठेवा.

घरी आल्यावर हे ऐकून आईने पदर डोळ्यांना लावला. आबांनी मला हाक मारली. "हे बघ ठकू, तुझ्या आईला माझं तोंड लग्नापासून वाकडंच दिसतंय, तिचा भरवसा नाही. आजपासून हे काम तुझं." दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी संध्या आटोपली की आबा माझ्यासमोर मांडी घालून बसत, गाल फुगवत, भुवया वर चढवत, दात विचकत. मी कमरेवर हात ठेवून नीट बघायची आणि सांगायची, "सरळ आहे."

"नक्की?"

"नक्की."

मग ते पगडी चढवून धक्क्यावर जात. आबा मुंबईहून आल्यानंतर आई पहिल्यांदा हसली ती या तपासणीच्याच वेळी. मला मात्र हसू येत नसे. मी सरळ म्हटलं तरच ते सरळ राहील, असं मला मनापासून वाटे.

काकांना तर घोर लागला होता. त्यांनी माझ्यासाठी ठाण्याचं एक स्थळ आणलं. बिजवर, घरचा गडगंज, आणि वयाने आबांपेक्षा जेमतेम लहान. पलीकडून एकसारखे निरोप येत. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," आई स्वयंपाकघरात पुटपुटली. काका वाईट नव्हते हो. धाकट्या भावावर त्यांचा जीव होता, आणि भीतीपुढे त्यांना काही सुचत नव्हतं.

"तू आहेस तोवर पोरीचे हात पिवळे होऊ देत," ते म्हणाले. "उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर?"

"दादा, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," आबा म्हणाले. "गाठ समोर येऊ दे, मग बोलू तिच्याशी."

"ती समोर येईस्तोवर उशीर झाला असेल, त्याचं काय?"

आबांनी डाव्या कानावर हात ठेवला. मी दाराआड उभी होते.

शेवटी ठरलं की गावदेवीला कौल लावायचा आणि देवी सांगेल ते दोघांनी निमूट ऐकायचं. गुरवाने दोन ओल्या पाकळ्या देवीला लावल्या. उजवी पडली तर गाठ नाही. डावी पडली तर आहे, आणि मग ठाण्याला होकार. आम्ही सगळे टक लावून बसलो. पाकळ्या काही हलेनात. गाभाऱ्यात उकाडा मनस्वी. काकांच्या अंगाला धारा लागल्या, आणि त्या भरात ते उपरण्याने वारा घेऊ लागले. दोन्ही पाकळ्या एकदम खाली आल्या.

गुरवाने काकांकडे बघितलं. "देवीचा कौल पायजे होता, का तुमच्या उपरण्याचा?"

"पुन्हा लाव," काका म्हणाले.

"आता नाय. तिला सांगायचं नाय, तर जबरदस्ती कशी करू?"

आबांनी देवीला हात जोडले. मग काकांकडे वळून म्हणाले, "दादा, वैद्यबुवांना ठाऊक नाही, डॉक्टरांना ठाऊक नाही, आता देवीनेही अंग काढून घेतलं. तिघांनाही जे ठाऊक नाही, त्याच्या धास्तीने मी पोर देऊन टाकू? गाठ आहे की नाही, मला कळत नाही. ठकू मात्र आहे. ही बघ, समोर बसलीय."

काका तिथेच रडले. "तू गेलास तर मी काय करू रे," म्हणाले. आबांनी त्यांचे डोळे त्याच उपरण्याने पुसले, आणि ठाण्याला नकार गेला.

पुढे शेजारणी मला घोडनवरी म्हणू लागल्या. म्हणेनात का. माझं लग्न बऱ्याच उशिरा, माझ्या जोडीच्या एका शिकणाऱ्या मुलाशी झालं, आणि संसार सुखाचा झाला. आबांच्या कानातला रातकिडा काही थांबला नाही. नातवंडं खेळवून, चांगले म्हातारे होऊन, ते साध्या तापाने गेले. कानात काय होतं ते कुणालाच कळलं नाही.

पण आबा म्हटलं की मला आठवते ती माझी पाठवणी. मी बैलगाडीत बसले आणि मला राहवेना. "आबा," मी हाक मारली. आबा नेहमीप्रमाणे पलीकडे वळले आणि सनईवाल्याला नमस्कार केला. त्याने सनई काखेत धरून उलट नमस्कार केला. वऱ्हाडी हसले. मी शालूचा घोळ सावरत खाली उतरले आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"हां, अशी समोर ये, मग बोल."

मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले. तेव्हा आबांनी सगळ्या व्याह्यांदेखत गाल फुगवले, भुवया वर चढवल्या, दात विचकले. त्यांचे ओठ थरथरत होते, पण दोन्हीकडे सारखेच. मी डोळे पुसून नीट बघितलं.

"सरळ आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग जा," आबा म्हणाले.