आईला माणसापुढं टेकवलं

चर्चच्या आवारात खुर्ची मांडली होती. पाद्रीसाहेबांची, हातांची लाकडी खुर्ची. तिच्यावर गावच्या सोसायटीचे चेअरमन बसले होते. आणि त्यांच्या पुढ्यात, तापलेल्या मातीत, माझी आई उभी होती. तलावाच्या दुष्काळी कामावरून आलेली, डोक्यापासून पायापर्यंत फुफाट्यानं माखलेली.

पाद्रीसाहेब म्हणाले, "गुडघे टेक, बाई. माफी माग."

आईला वाटलं, प्रार्थना करायचीय. तिनं चर्चच्या दाराकडं तोंड केलं. पाद्रीसाहेबांनी तिच्या खांद्याला धरून तिला फिरवलं. चेअरमनकडं.

आई टेकली. हात जोडले. डोळे मिटले. ओठ हलत होते, पण आवाज फुटला नाही.

चेअरमन पान थुंकून म्हणाले, "बास. धाकात ठिवत जा ह्यांना, पाद्रीबुवा."

पाद्रीसाहेब हसले. मी पायरीवर उभी होते. सतरा वर्षांची. त्यांचं ते हसू मी पाहिलं.

बाहत्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. दुष्काळी पट्ट्यातल्या वाशीच्या बाजूचं आमचं गाव. गावातले सगळे आड कोरडे पडले होते. पाणी होतं ते फक्त चर्चच्या आवारातल्या आडाला. तो आड माझ्या आज्यानं आणि मांगवाड्यातल्या माणसांनी खणला होता, कारण गावच्या आडावर आमची सावली चालत नव्हती. ख्रिस्ती झालो तरी चालली नाही. आता गावच आमच्या दारात आलं. आम्ही अडवलं नाही. तहानलेल्याला पाणी पाजावं हे आम्हाला मनापासून पटलेलं होतं.

पण पाणी न्यायला आलेल्यांनी अट घातली. आमचं भरून होईपर्यंत तुमच्यातल्या कुणी आडाला शिवायचं नाही. पाद्रीसाहेबांनी ती मान्य केली. आम्हाला सांगितलं, नम्रतेनं बाजूला थांबा. आमच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उन्हात थांबायला लागल्या. त्या दिवशी आई थांबली नाही. घरात धाकटी तापानं फणफणली होती. आईनं पोहरा सोडला, वर ओढला, आणि त्यातलं पाणी चेअरमनच्या घरच्या घागरीवर उडालं. एवढाच गुन्हा.

पाद्रीसाहेब परके असते तर मी इतकी जळले नसते. ते आमच्यातलेच. त्यांची आई आणि माझी आजी एका ओट्यावर बसून केरसुण्या बांधायच्या. मला अक्षर ओळखायला शिकवलं ते त्यांनी. सातवी पास झाले तेव्हा चर्चमधल्या पोरांचा रविवारचा वर्ग त्यांनीच माझ्या हाती दिला. देवापुढं वाकायला शिकणं ही सगळ्या शहाणपणाची पहिली पायरी, असं ते सांगायचे. मी एकदा विचारलं होतं, देवाला भ्यायचं म्हणजे काय. ते म्हणाले, देवाचं भय मनात बसलं की माणसाचं भय उरत नाही. ते मी जिवापाड धरलं होतं. त्यांच्याकडं बघूनच धरलं होतं.

आठवड्यात कळलं. पाद्रीसाहेबांचा थोरला सोसायटीत कारकून म्हणून लागला होता. चेअरमनच्या शब्दावर.

पुढच्या रविवारी चेअरमन उपासनेला आले. पहिल्या रांगेत त्यांना खुर्ची. आम्ही खाली, सतरंजीवर. पाद्रीसाहेबांनी नम्रतेवर उपदेश केला. चांगला केला. आवाज तर त्यांचा गोडच होता. आणि मधेच त्यांनी माझ्या आईकडं हात केला. आपल्या या बहिणीनं परवा नम्रता दाखवली, देव तिच्यावर प्रसन्न आहे, असं म्हणाले. लोकांनी वळून पाहिलं. आईनं पदर तोंडावर ओढला.

मग त्यांनी मला साक्ष द्यायला उठवलं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. आडावरचं भांडण मिटलं म्हणून चेअरमनचेही आभार मान, असं हळूच कानात सांगितलं.

मी उभी राहिले. बोलले ते असं:

"पाद्रीसायब, माझी आई देवापुढं टेकते. तुमी तिला माणसापुढं टेकवलं. तुमाला देवाचं भ्या उरलं न्हाय. चेअरमनचं हाय."

चेअरमन उठून गेले. पाद्रीसाहेब म्हणाले, "खाली बस. हा गर्व हाय, पोरी."

मी बसले नाही. बाहेर आले, आडावर गेले, पोहरा सोडला. गावातल्या बाया घागरी घेऊन मागं सरकल्या. मी घागर भरली. मला वाटलं होतं, आमच्यातलं कुणीतरी माझ्यामागं येईल. कुणी आलं नाही. आईसुद्धा आली नाही.

संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "म्या त्याच्यापुढं न्हाय टेकले गं. डोळे मिटून देवापुढंच टेकले व्हते." तिचं ते खरं होतं. आजही मला ते खोटं वाटत नाही. पण चेअरमननं आपल्यापुढं टेकलेली बाईच बघितली. सगळ्या गावानं तीच बघितली. मी आईला म्हणाले, देवाला कळलं असंल, पण ह्यांनाबी कळायला पायजे. ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही.

पोरांचा वर्ग माझ्याकडून काढून घेतला. उपासनेत मंडळीतल्या माणसाला प्रभुभोजनाची भाकर देतात, ती मला द्यायची बंद केली. माझं लग्न लावायला पाद्रीसाहेब उभे राहिले नाहीत. पुढं ते थकले, त्यांच्या जागी नवे पाळक आले. भले गृहस्थ. घरी येऊन म्हणाले, "ताई, झालं गेलं सोडा. मंडळीपुढं एकदा माफी मागा, आम्ही तुम्हाला परत घेतो."

मी त्यांना चहा दिला. सांगितलं, देवाची माफी मी रोज मागते, माझ्याकडून चुका होतात म्हणून. पण त्या रविवारी मी खरं बोलले. खऱ्याची माफी मागितली तर मी देवालाच खोटं पाडीन. तुमची भाकर तुमच्याजवळ ठेवा.

ते गेले. मी प्रार्थनेला बसले. कुणाला विचारून नाही.