तिच्या लग्नात माझी मुलगी

मलकापुरात आम्ही दोघी मैत्रिणी, वेगवेगळ्या गावांतून येऊन, एकाच दुकानात साड्यांना फॉल-पिको करायचो. लग्नाआधी दिवस राहिले तेही दोघींना एकाच वर्षी. ती बौद्धांच्या घरातली, मी मराठ्यांच्या. तिच्या घरी काही कुणी तिला ओवाळलं नाही. भावानं मारलं, आईनं आठ दिवस अबोला धरला. पण बाळंतपण घरच्यांनीच केलं आणि मुलगा तिच्याच मांडीवर वाढला. आमच्यात अब्रू लय. माझी रवानगी पाचगणीला एका लांबच्या मावशीकडे झाली. गावात सांगितलं, पोरीला हॉटेलात नोकरी लागली. मुलगी झाली आणि आईनं ती दादा-वहिनीच्या ओटीत घातली. त्यांना मूल नव्हतं. माझी लेक मला आत्या म्हणते.

चार वर्षांनी मैत्रिणीनं तिच्या लग्नाला बोलावलं. पोराचा बापच परत आला होता, पुण्यात नोकरी धरून. माझा नुसता जळफळाट झाला. हिला मूलही आणि आता नवराही? जाणारच नव्हते. पण मुलीला नवा फ्रॉक मिरवायचा होता आणि वहिनीला ताप होता, म्हणून दोघीच गेलो.

तिच्या गावच्या विहारात ती पांढऱ्या साडीत बसली होती, पोरगं शेजारी. त्रिसरण-पंचशील चालू असताना ते मध्येच "आई, पाणी" म्हणालं. तिनं सगळ्यांदेखत त्याला पाणी पाजलं, पदरानं तोंड पुसलं. दोन-चार बायका एकमेकींकडे बघून हसल्या. हिला त्याचं काही नाही. एवढं सरळ कसं जमतं हिला, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जेवताना तिची आई वाढायला आली. लेकीकडून तिला माझं सगळं ठाऊक होतं. मुलीच्या हनुवटीला हात लावून ती हळूच म्हणाली, "तुझीच न्हवं ही? हितं कोण काय म्हणत न्हाई बघ."

कुणीतरी हे विचारावं म्हणून मी चार वर्षं आसुसले होते. तिथं आई नव्हती, दादा नव्हता, आमच्या गावचं एक माणूस नव्हतं. मुलगी जिलबी चघळत माझ्याकडे बघत होती.

"न्हाई ओ मावशी," मी म्हणाले, "भाची हाय माझी."

ती "बरं" म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली. इतकी वर्षं मी घरच्यांच्या नावानं बोटं मोडत आले. त्या दिवशी मात्र मला कुणीच तसं बोलायला लावलं नव्हतं.